लेकराचं डोकं, पळणं-खेळणं अन् घरातलं टेन्शन : आईबाप मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी वर्धा-यवतमाळच्या सीमेवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, १७ वर्षं झाली. पालकसभेत, आठवडी बाजारात, कधी तर ऑटोत बसल्या बसल्या आया मला जे विचारतात ते सगळं इथं एका जागी लिहून ठेवलंय. मी डॉक्टर नाही, पण या विषयावर जे हाती लागलं ते वाचत आले आणि वर्गात रोज ३०-३५ लेकरं डोळ्यासमोर असतात, त्यामुळं जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगते.

"खेळल्यानं डोकं कसं काय चालते मॅडम? अभ्यास केल्यानं चालते ना!"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून याचं उत्तर जरा लांबच देते.

मेंदू हा पण शरीराचाच भाग आहे, त्याला रक्त लागतं, ऑक्सिजन लागतो. लेकरू पळतं तेव्हा हृदय जोरात चालतं, मेंदूकडं जाणारं रक्त वाढतं आणि मेंदूत बीडीएनएफ नावाचं एक प्रोटीन तयार व्हायला मदत होते. याचं काम काय, तर मेंदूच्या पेशी जगवायच्या अन् त्यांच्यातली जोडणी घट्ट करायची. आपण वावरात खत टाकतो ना, साधारण तसंच समजा. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग असतो, कानाच्या वरच्या बाजूला आतमध्ये, नवीन शिकलेलं लक्षात ठेवायचं काम तो करतो, आणि पळण्याचा परिणाम याच्यावर चांगला दिसतो. १९९९ साली अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमधे काही उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं होतं, तर त्या उंदरांच्या या भागात नवीन पेशी चाक नसलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट टिकल्या. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू करता येत नाही हे खरं. पण मग २०१० मधे इलिनॉयच्या शास्त्रज्ञांनी ९-१० वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे फोटो काढले, तेव्हा ज्यांचा दम चांगला होता त्यांचा हाच भाग मोठा दिसला अन् स्मरणशक्तीच्या टेस्टमधे पण ती मुलं पुढं होती.

त्याच टीमनं नंतर ७ ते ९ वर्षांची २२१ मुलं घेतली, त्यातल्या अर्ध्यांना शाळा सुटल्यावर ९ महिने खेळवलं, आणि त्या मुलांचं लक्ष टिकवणं, मनाला आवर घालणं, एका कामावरून दुसऱ्यावर पटकन जाणं हे बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारलं. जी मुलं जास्त दिवस हजर राहिली त्यांना फायदाही जास्त झाला.

आता हे "मनाला आवर घालणं" म्हणजे काय ते खो-खोत बघा. आठ जण एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेले, नववा पळतोय. समोर गडी हातभर अंतरावर आहे, पण पळणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत मागं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून घुसता येत नाही, म्हणजे हात शिवशिवत असतानाही स्वतःला थांबवायचं अन् पाठीमागून जाऊन दुसऱ्याला खो द्यायचा. हे थांबवणं कपाळामागचा मेंदू करतो, आणि तोच भाग गणित सोडवताना, धडा वाचताना, रागात हात न उचलताना कामी येतो. आट्यापाट्यातही तेच आहे, पाटीवरचा, म्हणजे आखलेल्या रेघेवरचा, माणूस कुठं झुकतो ते डोळ्यानं हेरायचं, हूल द्यायची अन् सटकायचं. आमच्या आज्यांनी कुठल्या पुस्तकात वाचून हे खेळ आपल्याला दिले नाहीत. पण मी रोज सकाळी बघते, प्रार्थनेआधी २० मिनिटं पळून आलेला वर्ग पहिल्या तासाला वेगळा असतो, आणि पावसामुळं आत कोंडलेला वर्ग वेगळा असतो.

किती वेळ खेळायला पाहिजे मग?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल, दम लागेल असं काहीतरी करावं आणि आठवड्यातून ३ दिवस हाडं-स्नायूंना ताकद येईल असं, म्हणजे उड्या, चढणं, दोरीवर लटकणं. १ ते ४ वर्षांच्या लेकरांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल पाहिजे. एका दमात ६० मिनिटं पाहिजे असं काही नाही, शाळेत पायी जाणं, मधल्या सुटीतली लंगडी, संध्याकाळचं बिल्लस, डाबडुबली, सगळं धरायचं. आमच्या आठवीच्या पुढच्या पोरी सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेल्या सायकलीवर शेजारच्या गावाला शाळेत जातात, तो पण व्यायामच आहे अन् चांगला आहे.

"आमचं पोरगं सुट्टीच्या दिवशी दिवसभर वावरातच असते, मग वेगळा खेळ कायले पाहिजे?"

वावरात जाणं वाईट नाही, उलट बापासोबत बंडीवर बसून गेलं, बैलाला पाणी पाजलं, हे कोणतं झाड, हा कोणता किडा असं विचारत फिरलं, तर त्यासारखी शाळा नाही. १९३७ मधे वर्ध्याला शिक्षण परिषद झाली तेव्हा गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच विचारानं, की हाताच्या कामातून डोकं शिकतं, आणि सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत आजही लेकरं बागेत, चुलीवर, चरख्यावर काम करत शिकतात.

पण कापूस वेचायला चार-पाच तास वाकून, पोटाला ओटी बांधून, उन्हात, अन् किती किलो झाला म्हणून संध्याकाळी बोलणी खाणं, हा खेळ नाही. त्यात लेकराला काही ठरवायचं नसतं, कोणाशी भिडायचं नसतं, हसायचं नसतं, फक्त थकायचं असतं. खेळात लेकरू स्वतः ठरवतं, भांडतं, नियम बदलतं, हरतं, पुन्हा उभं राहतं, आणि मेंदूला हे सगळं लागतं. वेचणीच्या दिवसात माझ्या वर्गात डिसेंबरमधे अर्धी पोरं गैरहजर राहतात आणि जी येतात ती दुपारी बाकावर डोकं टाकून झोपतात, मी त्यांना उठवत नाही. घरची मजबुरी मला कळते. तरी हात जोडून सांगते, रविवारी अर्धा दिवस काम असेल तर उरलेला अर्धा दिवस त्याचा त्याला द्या.

"लेकरू दीड वर्षाचं हाय, त्याले आताच काय समजते?"

सगळ्यात जास्त आताच समजतं बाई! जन्मताना मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण पाव भाग असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत जवळपास ९० टक्के होतो. पहिल्या काही वर्षांत पेशींच्या जोडण्या भराभर होतात, मग ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात अन् ज्या वापरल्या जात नाहीत त्या छाटल्या जातात, शेंडा खुडतो आपण तसं.

बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात उंदरांचे दोन गट केले होते, एक गट रिकाम्या पिंजऱ्यात एकटा, दुसरा खेळणी अन् सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात. दुसऱ्या गटाच्या मेंदूची वरची साल जाड निघाली. वातावरणानं मेंदूचा आकार बदलतो हे तोवर फारसं कोणी मानत नव्हतं.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते. जमैका देशात १९८६-८७ मधे ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली, गरीब घरची १२९ बाळं निवडली होती. त्यातल्या काहींच्या घरी गावच्या आरोग्यसेविकेसारखी बाई आठवड्यातून एकदा तासभर यायची, घरच्याच वस्तूंची साधी खेळणी घेऊन, आणि आईला दाखवायची की बाळाशी बोल, त्याच्यासोबत खेळ, त्यानं काही केलं की कौतुक कर. दोनच वर्षं. २० वर्षांनी त्या मुलांची कमाई अशी भेट न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. कोणतं महागडं खेळणं नाही, टॅब नाही, फक्त बोलणं-खेळणं.

आपल्याकडं काय नाही सांगा. पळी, डब्याचं झाकण, कणसाची बुरकुंडं, चिंचोके (हे मात्र तीन वर्षांच्या आत हातात देऊ नका, घशात अडकतात), तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. भाकर थापताना "हे पीठ, हे पाणी, आता फुगली बघ" एवढं बोलत राहिलं तरी बाळाच्या डोक्यात शब्द पडत जातात. अंगणवाडीत पाठवा, नुसता खाऊ आणायला नाही, तीन-चार तास बसायला, गाणी म्हणायला, बाकीच्या लेकरांत मिसळायला.

"लेकराले कायचं आलं टेन्शन? त्याले का कर्ज फेडाचं हाय?"

कर्ज त्याला फेडायचं नाही पण घरातला आवाज त्याच्या कानावर पडतो ना.

टेन्शन आलं की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सुटतं, किडनीच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात तिथून. साखर वाढते, छाती धडधडते, अंग पळायला किंवा लढायला तयार होतं. हे थोडा वेळ झालं तर चांगलंच आहे, स्पर्धेच्या आधी, स्टेजवर जाताना होतं अन् नंतर उतरतं. पण रोज रात्री बाप पिऊन येतो, आई रडते, सोयाबीन पाण्यात गेलं की आठ-आठ दिवस घरात कोणी नीट बोलत नाही, सावकाराचा माणूस दारात येऊन उभा राहतो, तेव्हा हे कॉर्टिसॉल खाली यायलाच तयार नसतं. ते सतत चढलेलं राहिलं की मगाशी सांगितलेल्या त्याच हिप्पोकॅम्पसला अन् कपाळामागच्या भागाला त्रास होतो, आणि भीती ओळखणारा भाग जास्तच चौकस होतो. असं लेकरू वर्गात दार वाजलं तरी दचकतं. फळ्यावर काय लिहिलंय याच्यापेक्षा मॅडमचा मूड कसा आहे याच्याकडं त्याचं लक्ष असतं. आपण म्हणतो लक्ष नाही याचं, तर लक्ष असतं, पण धोका कुठून येईल तिकडं असतं.

माझ्याकडं तिसरीत एक मुलगा होता, पाटीवर बोट ठेवून वाचायचा आणि बाहेर गाडीचा आवाज आला की बोट तिथंच थांबायचं, गाडी पुढं जाईपर्यंत. मला तीन महिने लागले हे कळायला की तो आवाज त्याच्या बापाच्या गाडीसारखा होता.

मग यात पळण्या-खेळण्याचं काय काम? पळतानाही हृदय धडधडतं, दम लागतो, कॉर्टिसॉल थोडं वाढतं, आणि थांबलं की हळूहळू उतरतं. म्हणजे शरीराला रोज चढायची अन् उतरायची प्रॅक्टिस मिळते. झोप लागते, चिडचिड कमी होते. पण घरचं वातावरण तेच राहिलं अन् फक्त खेळायला लावलं तर पुरतं होत नाही, हे मी स्पष्ट सांगते. लेकराला घरात एक तरी माणूस असा लागतो ज्याच्याजवळ बसलं की जीव शांत होतो, आई नसेल तर आजी, आजी नसेल तर काका. असा एक माणूस असला तर मोठं संकट पण लेकरू झेलतं.

जास्त जवळ घेतलं तर लाडावून ठेवल्यासारखं होत नाही का?

नाही होत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत मायकेल मीनी यांनी उंदरांवर काम केलं, ज्या उंदरीण आपल्या पिल्लांना जास्त चाटायच्या त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर ताणात कमी घाबरायची, आणि अशा जास्त चाटणाऱ्या आईकडं वाढवायला दिलेली कमी चाटणारीची पिल्लं पण तशीच शांत निघाली. गाय वासराला चाटते ते काय उगीच का?

"मारल्याबिगर ऐकतच नाही, मंग काय कराव?"

मार खाऊन लेकरू थांबतं पण शिकत नाही, ते फक्त घाबरतं, आणि घाबरलेला मेंदू नवीन काही आत घेत नाही. मी सुद्धा सुरुवातीच्या वर्षांत उठबशा काढायला लावायची, मैदानाला पाच चकरा मारायला लावायची, आणि हे चूक होतं. त्यात दोन नुकसान झालं, एक तर लेकराची सगळ्यांसमोर मान खाली गेली, आणि दुसरं म्हणजे पळणं ही त्याच्यासाठी शिक्षा झाली. ज्या गोष्टीनं त्याचं डोकं शांत होणार होतं तिचाच त्याला राग येऊ लागला. आता चुळबुळ करणाऱ्याला मी पाण्याचा माठ भरायला पाठवते, वह्या वाटायला लावते, म्हणजे अंग हलतं आणि मान पण मिळतो. घरी पण असंच करा.

मोबाईल?

२ वर्षांच्या आत अजिबात नको, २ ते ४ वयात तासाभराच्या वर नको, कमी असेल तेवढं चांगलं, हे पण जागतिक आरोग्य संघटनेचंच सांगणं आहे. मोबाईल दिला की चूप बसते हे खरं, पण चूप बसणं हीच तर अडचण आहे, त्या वेळात ते पळलं नाही, कोणाशी बोललं नाही, कंटाळलं नाही. कंटाळा आला की लेकरू स्वतः खेळ काढतं. जेवताना अन् झोपायच्या तासभर आधी मोबाईल बंद, घरातल्या मोठ्यांचा पण.

झोपेचं पण इथंच सांगते, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप पाहिजे. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो.

"आमच्याकडं उन्हाळ्यात ४६ डिग्री, कुठं खेळवायचं?"

एप्रिल-मेमधे सकाळी ८ च्या आत अन् संध्याकाळी ६ नंतर, मधे नाहीच. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळंच जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तर घरी पण तेच डोकं ठेवायला पाहिजे. दुपारी निंबाखाली भवरा, कंचे, काचापाणी, दोरीच्या गाठी, चिखलाचे बैल. बोटांचं काम पण मेंदूचंच काम आहे. पाणी मागायची वाट पाहू नका, दर अर्ध्या तासाला पाजा. डोकं दुखतं, मळमळतं, घाम यायचा बंद झाला अन् अंग तापलं तर लगेच सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा अन् दवाखान्यात न्या.

सिकलसेल आपल्या भागात बरंच आहे. एसएस पॅटर्नचं, म्हणजे नुसतं वाहक नाही तर प्रत्यक्ष आजार असलेलं, लेकरू असेल तर खेळू द्या, पण डॉक्टरांना विचारून, जास्त पाणी, मधे मधे बसणं, अति ऊन-थंडी नको, ऊर फुटेस्तोवर पळणं नको. आणि त्याला "आजारी" म्हणून बाजूला बसवू नका, स्कोअर लिहायला तरी सोबत घ्या.

पळायला लावलं की लवकर थकते, आळशी आहे का?

आधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ५ वर्षांखालची ६७ टक्के लेकरं रक्त कमी असलेली निघाली. लोह कमी असलं की दम पण लागतो अन् मेंदूच्या वाढीला पण फटका बसतो. जंताची गोळी, शाळेत मिळणारी लोहाची गोळी, तरोटा, आंबाडी, चवळीची भाजी, वर लिंबू पिळून, आणि जेवणासोबत चहा नको. उपाशी पोटी व्यायाम पण नको.

"पोरगी आता मोठी झाली, पळणं बरं दिसते का?"

बरं दिसतं! पाळी आली म्हणून मेंदूची वाढ थांबत नाही, उलट त्या वयात मेंदू पुन्हा एकदा जोरात बदलतो आणि मन खालीवर होतं, तेव्हाच नेमकं आपण तिचं मैदान बंद करतो. मुलगा ग्राउंडवर अन् मुलगी चुलीजवळ, मग दहावीत मुलगी गप्प गप्प राहते म्हणून काळजी करतो. पाळीत दुखत नसेल तर खेळायला काही हरकत नाही. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ मधे बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं जाऊन आपली कबड्डी जगाला दाखवली. इतकी जुनी व्यायामाची परंपरा आपल्या मातीत आहे, ती काय फक्त पोरांसाठी नाही.

फवारणीचा अन् मेंदूचा काय संबंध?

थेट संबंध आहे. कपाशीवर मारायची बरीच औषधं किड्याच्या नसांवर काम करतात, आणि आपल्या नसांमधे पण तेच रसायन चालतं. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं विषबाधा होऊन माणसं दगावली ते कोणी विसरलेलं नाही. वाढत्या मेंदूला तर थोडं औषध पण जास्त होतं, पोटातल्या बाळाला पण. म्हणून गरोदर बाईनं औषध कालवायला जायचं नाही, फवारलेल्या वावरात लेकरं न्यायची नाहीत, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, आंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही. आणि रिकामा डबा! घासून पुसून त्यात पाणी भरून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय, एकदा तर तोच डबा गाडी म्हणून दोरी बांधून ओढत होतं एक लेकरू. भोकं पाडून टाका, घरात आणूच नका.

"दहावीच्या वर्षी तरी खेळ बंद कराव का नाही?"

नका करू. दीड तास बसल्यावर १५-२० मिनिटं भरभर चालून आलं की पुढचा अभ्यास जास्त चांगला होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी पण संध्याकाळी फिरायला पाठवा.

आता १३ वर्षांचं झालं, उशीर झाला का?

लवकर केलं तर जास्त फायदा, हे खरं. रोमानियात २००० च्या आसपास अनाथालयातल्या १३६ बाळांवर एक अभ्यास सुरू झाला, त्यातली काही कुटुंबात वाढवायला दिली, आणि जी दोन वर्षांच्या आत घरात गेली ती सगळ्यात चांगली सुधारली. पण कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत राहतो. १३ व्या वर्षी सुरू केलं तरी झोप, मूड, लक्ष यात फरक दिसतो. दोन-तीन महिने धीर धरा, आठ दिवसांत मार्क विचारू नका.

डॉक्टरकडं कधी न्यायचं?

दीड वर्षाचं होऊन चालत नाही, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडून बोलत नाही, नावानं हाक मारली तर बघत नाही, किंवा आधी येत होतं ते विसरलं, तर थांबू नका. अंगणवाडी-शाळेत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) टीम तपासणीला येते तेव्हा स्वतः जाऊन सांगा, पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार केंद्रात पाठवतात, पैसे लागत नाहीत. मोठं मूल एकटं एकटं राहतं, जेवत नाही, मरायची भाषा करतं, तर ते नाटक समजू नका, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा, मराठीत बोलतात. मोठ्यांना स्वतःसाठी पण तोच नंबर चालतो. लेकरावर कोणी अत्याचार करत असेल तर १०९८.

"गावात मैदानच नाही मॅडम."

मैदान आहे, त्याच्यावर सोयाबीनची गंजी आहे! काढणीच्या दिवसात समजू शकते, पण दिवाळीनंतर पण कुटार तिथंच पडून असतं. ग्रामसभेत विषय घ्या, गेल्या वर्षी आम्ही घेतला तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं एका दुपारी जागा सपाट करून दिली, जुने टायर कोणीतरी आणले, निंबाला जाड दोर बांधला, खो-खोचे खुंट बाभळीचे. खर्च फक्त डिझेलचा. आता संध्याकाळी पाच वाजता तिथं लेकरं येतात आणि दोन म्हाताऱ्या कट्ट्यावर बसून लक्ष ठेवतात. तुमच्या गावात करायचं असेल तर आधी त्या दोन म्हाताऱ्या शोधा, दोर नंतर बांधता येतो.